तीच मरळ

वैशाखाच्या पुनवेला बाबा मासे विकत घ्यायचे,
जिवंत, घमेल्यात उसळणारे,
आणि पाळीवर जाऊन परत तलावात सोडायचे.
एकेकाला. मंत्र पुटपुटत. घाई नाही.
अर्जुनीच्या बाजारात यावर अजून हसतात.

आई तेव्हा मासे विकायला बसायची,
दिघोऱ्यांची सगुणा, भाव न सोडणारी.
तिनं विचारलं, "सोडाचेच हायेत त घेतेस कायले?"
बाबांना झाडीबोली येत होती,
उत्तर येत नव्हतं.

पुढच्या पुनवेला पुन्हा उभे.
आईनं एक मरळ उचलून दाखवली,
शेपटीचा तोच तुटका कोपरा.
"पाय, तुयीच होय. मागच्या साली सोडलीस तेच."
बाबांनी त्याच मरळीचे दुसऱ्यांदा पैसे दिले.
लग्न कसं जमलं, असं कुणी विचारलं
की आई एवढंच सांगते.

मी त्या मरळीची कुणीतरी लागते.

गोठणगावच्या वसाहतीत यांगचेन,
मामाच्या घरी पारबता,
आणि गुरुजींनी हजेरीत लिहिलं यानचंद,
म्हणून चौथीपर्यंत मी कागदावर मुलगा होते.
गालाची हाडं बाबांची. रंग आईचा, उन्हात पिकलेला.
बाजारातल्या बाया हनुवटी धरून न्याहाळायच्या,
"डोरे पाहा इचे, झोपेतून उठल्यावानी."
पोरं आधी नेपाली म्हणायची, मग जपान,
आणि त्या आजाराच्या साली जे म्हणाली
ते मी घरी सांगितलं नाही.
रात्री आरशापुढे पापण्या बोटांनी ताणून धरल्या,
डोळे गोल होईपर्यंत,
पाणी येईपर्यंत.

वसाहतीत काही निराळं नव्हतं.
प्रार्थनेला बसले की पेमाकाकू सरकून बसायची,
हिच्या वेण्यांना मासळीचा वास येतो म्हणायची.
येत होता.

तहसीलमधला बाबू म्हणाला, रकाना एकच आहे,
काय ते एक लिहा.
मूळ गाव विचारलं तिथं मी तलावाचं नाव लिहिलं.
त्यानं खोडलं.
बाबांच्या कागदावर परदेशीचा शिक्का,
आणि हिवाळाभर ते यवतमाळला, अकोल्याला
लोकांना ऊब विकत फिरतात,
स्वेटरचा भाव अस्सल वऱ्हाडीत सांगत.

मी आता मच्छीमार सोसायटीचा हिशेब लिहिते.
रोहू इतके किलो, काटवे इतके, मरळ इतकी.
दुपारी लाखोरीचे वडे
लोणी-मिठाच्या चहात बुडवून खाते.
दोन्हीकडचे तोंड वाकडं करतात.
मला आवडतं.
आधी चोरून खायचे, आता खिडकीत बसून.

यंदाच्या पुनवेलाही बाबा आले, रांगेत उभे राहिले.
मी वहीत लिहिलं:
विक्री अकरा किलो, गिऱ्हाईक पाल्देन, रोख.
इस्तारीमामानं मासे मोजून दिले,
आणि वरून एक मरळ फुकट टाकली,
"हे माह्याकडून सोड, भाटवा."

बाबा पाळीवर गेले.
मामा डोंग्याजवळ जाळं मांडीवर घेऊन बसला.
बाबा घरी वळेपर्यंत तो जाळं फेकत नाही,
वर आणखी एक तास थांबतो.
कुणी ठरवलेलं नाही. लग्नापासूनचा रिवाज आहे.
मग उठतो, कमरेइतक्या पाण्यात जातो,
पोट भरायचं असतं त्यालाही.

तो मधला तास माझा.

पाळीवर मोहाच्या दोन झाडांना दोर बांधलाय.
अर्ध्यावर बाबांच्या पताका, उन्हानं विटलेल्या,
अर्ध्यावर मामाचं जुनं जाळं वाळत घातलेलं.
वारा दोन्हींतून येतो.
मी पाण्यात पाय सोडून बसते,
घोट्याला काहीतरी घासून जातं,
खरबरीत, घाईत,
शेपटीचा एक कोपरा नसलेलं असावं.
मी वाकून पाहत नाही.
वर पेमाकाकू हाक मारते, यांगचेन,
खालून मामा, पारबते, वही आन.
ओ, म्हणते मी.
दोघांनाही एकदाच.